गादीचं नंतर बघा, आधी झोपेची वही करा

तुम्ही लिहिलंय की सातारा एमआयडीसीत शिफ्ट ड्युटी आहे, सहा महिने झाले कंबर धरलीय, एमआरआयमध्ये एल-फोर एल-फाईव्हला बल्ज आलाय (म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती जराशी बाहेर फुगलीय), रात्री तीनला जाग येते ती येतेच, आणि आता कडक गादी कुठली घेऊ. वाचून हसू पण आलं आणि पोटात कसंतरी पण झालं, चार वर्षांपूर्वी मी हेच विचारत फिरत होतो. फक्त तुमची शिफ्ट आणि माझी रात्रीची लाईट. पलूसकडं आमचा ऊस आहे, पंपाची थ्री फेज लाईट रात्रीची असली की दीडला बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला जायचं, चारला येऊन आडवं व्हायचं, पाचला म्हशीची धार.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिर वाटत असेल, लघवी-संडासवर ताबा राहत नसेल तर हे वाचत बसू नका, आत्ता दवाखाना गाठा. शेक, बेल्ट, वजन उचलू नका वगैरे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडतो.

माझी चूक ऐका. गावात ज्याला त्याला विचारलं, सगळे म्हणाले गादी मऊ आहे, फळीवर झोप. आणला एकोणीस एमएमचा प्लाय, त्यावर सतरंजी. आठ महिने! खुबा दुखला की कुशी बदलायची, कुशी बदलली की जाग, जाग आली की मोबाईल. आधी चार-पाच तास तरी लागायची, ती झोप तीनवर आली. कंबर वाढली तर मला वाटलं सतरंजीमुळं गुण येत नाही, म्हणून ती पण काढली. बायको म्हणाली आता खाली खिळे ठोकायचे राहिलेत तेवढे ठोका.

मधे मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात तीन खेपा झाल्या, नाव घेत नाही. चार तास बाकड्यावर, त्या बाकड्यानंच निम्मी कंबर जायची, आत गेलं की दोन मिनिटं. फिल्म ट्यूबलाईटकडं धरायची, "गॅप आहे, ऑपरेशनचं घरी ठरवा", संपलं. रात्री झोप किती होते हे तिथं एकानं विचारलं नाही. आणि मी तरी कुठं सांगितलं, मला वाटायचं झोपेचा काय संबंध, दुखतंय म्हणून झोप नाही, एवढंच.

शेवटी सांगलीतल्या एका फिजिओ बाईंनी पहिला प्रश्न तोच विचारला. म्हणाल्या पंधरा दिवस वहीत लिहा, किती वाजता झोपला, कितीदा उठला, दुसऱ्या दिवशी दुखणं दहापैकी किती. लिहिलं आणि डोळे उघडले. ऊस तोडला त्या दिवशी पाच, आणि नुसतं बसून होतो पण आदल्या रात्री तीन तासच झोप, त्या दिवशी आठ. त्यांनी सांगितलं झोप कमी पडली की तेच दुखणं मेंदूला मोठं वाटतं, आणि दुखलं की परत झोप मोडते, असं ते चाक फिरत राहतं. बल्ज तर काही न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्ये पण सर्रास दिसतो. फळीचं पण तेच, 2003 साली लॅन्सेट या डॉक्टरी मासिकात स्पेनच्या 313 कंबरदुखीवाल्यांचा अभ्यास आला होता, त्यात एकदम कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. माझे आठ महिने गेल्यावर मला हे कळलं.

आता माझं मत, पटलं तर घ्या. गादीवर वीस हजार घालायच्या आधी वही करा. कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यात उशी, पाठीवर असाल तर गुडघ्याखाली. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, तेव्हा नाईटला चहा सुरुवातीलाच घ्या, पहाटे चारचा बंद. सकाळी सुटल्यावर गॉगल लावून घरी या, खोलीत अंधार करा आणि घरच्यांना मिक्सर दुपारी लावायला सांगा (हे सगळ्यात अवघड आहे). उठल्या उठल्या वाकू नका, रात्रभर मणक्यातल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून सकाळी पाठ जास्त ताठ. मी धार आता तासाभरानं काढतो, म्हैस कुरकुरते, कुरकुरू दे.

घोरत असाल आणि दिवसभर डुलक्या येत असतील तर ते वेगळं दाखवून घ्या, झोपेत श्वास अडकत असेल तर बीपी पण वाढतं. माझं बीपी त्याच काळात वर गेलं होतं आणि चिडचिड इतकी की पोरं समोर यायची नाहीत. मेडिकलमधनं स्वतःच्या मनानं दुखण्याच्या गोळ्या खाऊ नका, मी खाल्ल्या, अॅसिडिटी झाली आणि त्या जळजळीनं परत झोप गेली.

शेतीवाले कुणी वाचत असतील तर पंपाला मोबाईल ऑटो, म्हणजे फोनवरनं पंप चालू-बंद करायचा डबा बसवून घ्या. पाटपाण्याला जावं लागतंच, पण ड्रिपवाल्यांची अर्धी रात्र वाचते. दिवसा लाईट द्या म्हणून मी जे अर्ज केलेत त्यावर बोललो तर आजची पण झोप जाईल.

मी पूर्ण बरा आहे असं नाही. पावसाळ्यात धरते. पण झोप सहा तास सलग लागते आणि ऑपरेशन अजून तरी लागलेलं नाही. तुमचं वेगळं असू शकतं, डॉक्टरांना वही दाखवूनच ठरवा. प्लाय आता गोठ्यात वैरणीखाली आहे, तिथं चांगला उपयोग होतोय.