चारशे ऐंशी सीडी आणि खिशात मावणारा डबा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी चिपळूणचा, वय ६७. गेल्या पावसाळ्यात माझा सीडी प्लेयर बंद पडला आणि आता तो दुरुस्त करणारं कुणी मिळत नाही. कपाटात ४८० सीडी आहेत. निम्म्या शास्त्रीय, बाकी नाट्यसंगीत, भावगीतं, अभंग. काहींवर बुरशीही दिसू लागली आहे. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर १९९८ चे, अजून खणखणीत. पुण्यात एका दुकानात ‘म्युझिक सर्व्हर’ दाखवला, १ लाख ८० हजारांचा. मुलगा म्हणतो, एवढं कशाला, गणपतीत घरी आलो की मीच काहीतरी जोडून देतो. कुणाचं ऐकू? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : मुलाचं ऐका. पण तो येण्याआधी तुम्हाला बरंच काम आहे, आणि ते दुसरं कुणी तुमच्याइतकं चांगलं करू शकणार नाही.

आधी सर्व्हर म्हणजे काय ते सांगते. ती कोठी आहे. सीडीवरचं गाणं फाइलच्या रूपात तिच्यात राहतं आणि मागाल तेव्हा बाहेर येतं. फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करण्याचं काम ‘डॅक’ नावाच्या छोट्या यंत्राचं, आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायर-स्पीकरचं. एका परिचितांकडून मी असाच महागडा सर्व्हर आठवडाभर घरी आणला होता. तो आणि माझा छोटा डबा, दोन्ही एकाच डॅकला जोडले. कोणता वाजवायचा ते बहिणीनं ठरवायचं आणि मी पाठमोरी बसून ओळखायचं. वीस वेळा केलं, अकरा वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं. म्हणून पैसे कोठीत घालू नका. चांगला डॅक घ्या, त्याचा फरक मला तरी ऐकू येतो.

मुलाला सांगा : रास्पबेरी पाय ४ (हाच तो खिशात मावणारा डबा, एक छोटा कॉम्प्युटर), त्यावर डबा चालवणारं ‘पायकोअरप्लेयर’, आणि त्यात गाण्यांची कोठी सांभाळणारं ‘लिरियन म्युझिक सर्व्हर’. ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. लिरियनचा इतिहास मला फार महत्त्वाचा वाटतो. लॉजिटेक कंपनीनं स्क्वीझबॉक्स नावाचे प्लेयर २०१२ मध्ये बंद केले, पण त्यांचं सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे हौशी मंडळींनी ते जिवंत ठेवलं, आणि २०२४ पासून ते लिरियन या नावानं चालतं. कंपनी बाजूला झाली तरी कोठी उघडी राहिली. पायकोअरप्लेयर सुचवण्याचं कारण तुमचं गाव. पावसात तुमच्याकडे वीज जाते-येते. असे डबे मेमरी कार्डावर चालतात, आणि कार्डावर लिहिणं चालू असताना वीज गेली तर कार्ड खराब होऊ शकतं. पायकोअरप्लेयर सुरू होताना स्वतःला रॅममध्ये, म्हणजे डब्याच्या तात्पुरत्या स्मृतीत, उचलून घेतो आणि मग कार्डाला सहसा हात लावत नाही. वीज आली की दोनेक मिनिटांत परत हजर.

गाणी ठेवायला १ टीबीची एसएसडी, म्हणजे आत काहीही न फिरणारी डिस्क घ्या, फिरणारी हार्ड डिस्क नको. तानपुऱ्याच्या मागे डिस्कची घरघर ऐकू आली की मन उडतं. जागा भरपूर होईल : सीडी फ्लॅक स्वरूपात साठवली की साधारण ३०० ते ४०० एमबी होते, म्हणजे तुमच्या ४८० सीडी दोनशे जीबीच्या आत बसतात. फ्लॅकमध्ये काहीही गाळलं जात नाही. एमपीथ्री करण्याच्या मोहात पडू नका. डबा चोवीस तास चालू ठेवलात तरी ५ वॅटच्या आसपास खातो, महिन्याला साडेतीन-चार युनिट. जुना कॉम्प्युटर ६० वॅटचा धरला तर तेच ४३ युनिट होतात.

घर चिऱ्याचं असेल तर वायफाय सहसा एका भिंतीपलीकडे नीट जात नाही. म्हणून डबा, एसएसडी आणि डॅक अ‍ॅम्प्लिफायरच्या शेजारीच ठेवा, सगळं यूएसबीनं जोडलेलं. डॅकच्या लाल-पांढऱ्या वायरी मागे ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागी जातील. ‘फोनो’ला जोडू नका, ती तबकडीच्या नाजूक सिग्नलसाठी असते. राउटर मात्र त्याच खोलीत हवा. फोनच्या ब्राउझरमधून गाणं निवडायला तो लागतो, इंटरनेट लागत नाही. पावसात चार दिवस नेट गेलं तरी तुमची मैफल चालू राहील.

काहीही विकत घ्याल, तरी एक परीक्षा नक्की घ्या. सीडीवर एकच राग दोन-तीन ट्रॅकमध्ये तोडलेला असतो, विलंबित एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत पुढच्यात, पण तबला थांबलेला नसतो. अशी एखादी सीडी तुमच्याकडे नक्की असेल. तिच्या फाइली त्या यंत्रावर लावा आणि ट्रॅक बदलतो ती जागा ऐका. काही यंत्रं तिथे अर्धा सेकंद गप्प होतात. गायक समेकडे निघालेला असतो आणि ऐन तिथेच काळोख. हे मी एका भारी यंत्रावर ऐकलं आहे, आणि त्यानंतर किंमत पाहून यंत्र निवडणं सोडून दिलं. लिरियन ही जागा सलग वाजवतो.

आता तुमचं काम. गणपतीपर्यंत सीडी पुसून ठेवा. कोमट पाण्यात भांडी घासण्याच्या द्रव साबणाचा एक थेंब, मऊ सुती कापड, आणि पुसायचं ते मधल्या भोकाकडून काठाकडे सरळ. गोल गोल पुसू नका. सीडीवरची माहिती गोल फिरत लिहिलेली असते, त्याच दिशेनं चरा पडला तर एका ठिकाणचं खूप काही एकदम जातं. मग सीडी उजेडासमोर धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर आतला चकचकीत थर खराब झाला असण्याची शक्यता आहे. अशा सीडी वेगळ्या काढा आणि सगळ्यात आधी त्यांचीच प्रत करा, कारण त्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबतील याची खात्री नाही.

मुलाच्या लॅपटॉपवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हे सीडीची प्रत करणारं सॉफ्टवेअर घाला. ते प्रत्येक तुकडा तपासत वाचतं आणि शंका आली की पुन्हा वाचतं. त्याला जोडून ‘अ‍ॅक्युरेटरिप’ आहे, जे तुमच्या प्रतीवरून काढलेला तपासणीचा आकडा जगभरातल्या इतरांच्या प्रतींशी ताडून पाहतं. पण मराठी सीडी तिथे पुष्कळदा नसतातच. तेव्हा ‘टेस्ट अँड कॉपी’ वापरा : ते एकदा नुसतं वाचतं, दुसऱ्यांदा वाचून साठवतं. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर निर्धास्त राहा. एका सीडीला किमान दहाएक मिनिटं धरा. रोज पाच केल्या तर तीन-सव्वातीन महिने लागतील. मुलाची सुट्टी त्याला पुरणार नाही, म्हणून यूएसबीचा सीडी ड्राइव्ह आणि एखादा जुना लॅपटॉप त्यानं तुमच्याकडे ठेवून जावा.

आणि नावं. इथे मी हात जोडून सांगते, घाई करू नका. इंटरनेटवरून आपोआप येणारी नावं आपल्या संगीताला पुरत नाहीत. एका सीडीवर ‘भीमसेन जोशी’, दुसरीवर ‘पं. भीमसेन जोशी’, तिसरीवर ‘पंडित भीमसेन जोशी’ असं आलं की सर्व्हर तीन वेगळे गायक धरतो. एकच रूप ठरवा आणि सगळीकडे तेच लावा. पदव्या गाळल्यानं कुणाचा मान कमी होत नाही. लिपीही एकच ठेवा. देवनागरी छान चालते, पण रोमन नावं आधी आणि देवनागरी शेवटी अशी यादी लागली की शोधताना दमायला होतं. ‘एमपीथ्रीटॅग’ या फुकट सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं करता येतं, नाव तसं असलं तरी ते फ्लॅकलाही चालतं.

शास्त्रीयच्या फाइलींत मी ‘जॉनर’च्या (संगीतप्रकाराच्या) रकान्यात रागाचं नाव लिहिते. तो रकाना जवळपास प्रत्येक यंत्र दाखवतं. संध्याकाळी मारवा उघडला की अमीर खाँ, वसंतराव देशपांडे, ज्यांनी ज्यांनी गायला आहे आणि माझ्याकडे आहे, ते सगळे एका खाली एक येतात. भावगीतांत गायकापेक्षा संगीतकाराचा रकाना जास्त कामाचा ठरतो. खळे किंवा फडके म्हणून शोधता यायला हवं. साथीदारांची नावं सीडीच्या वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत असतात. ती ‘कॉमेंट’मध्ये लिहून ठेवा. ते वेष्टन तुमच्याच कपाटात आहे, आणि तबल्यावर कोण होतं हे त्या कागदाबरोबर पुसलं जाऊ नये.

शेवटी दुसरी प्रत. २०१६ मध्ये माझी बाहेरची हार्ड डिस्क एका सकाळी नुसती टकटक करू लागली. १४० सीडी मी तिच्यावर उतरवून मूळ सीडी नातेवाइकांत वाटून टाकल्या होत्या. त्यातल्या वीसेक परत मिळाल्या. वडिलांनी घेतलेली एक अभंगांची सीडी अजून कुठे सापडत नाही. तुम्ही एक प्रत मुलाकडे ठेवा. चिपळूणला पुराचं भय किती, हे तुम्हाला २०२१ नंतर मी सांगायला नको. आणि मूळ सीडी टाकू नका.

मुलाला जमलं नाही, तर सीडीची खाच असलेलं तयार यंत्र घ्या. ब्रेनन कंपनीची यंत्रं सीडी आत सरकवली की स्वतः उतरवून घेतात. घेण्यापूर्वी दुकानदाराला फ्लॅक फाइली तिथून बाहेरच्या डिस्कवर काढून दाखवायला सांगा. काढता येत नसतील तर उठून या.

प्रश्न : फोनवर दरमहा वर्गणी भरून सगळं ऐकता येतं. मग सर्व्हर कशाला? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : तुमचं सगळं आवडतं संगीत तिथे असेल तर नको. आवडत्या दहा ध्वनिमुद्रणांची यादी करा आणि शोधा. मी केली तेव्हा सहा सापडली. त्यांतल्या एकावर रागाचं नाव चुकीचं होतं, आणि एक वर्षभरानं नाहीसं झालं, कारण हक्कांचे करार संपले की गाणी तिथून काढली जातात. मी वर्गणी भरते, नवं ऐकायला ती उत्तम आहे. उरलेली चार माझ्या डब्यात आहेत.

प्रश्न : ऑफिसच्या फाइलींसाठी घरी नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) आहे. गाण्यांसाठी वेगळं यंत्र घेऊ का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घेऊ नका. अनेक नॅसवर लिरियन किंवा त्याच कामाचा मिनिमसर्व्हर चालतो. नॅसच्या डिस्क आणि पंखा आवाज करतात, म्हणून तो दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि बैठकीत डॅकला जोडलेला छोटा प्लेयर. मधे जमलं तर लॅनची वायर टाका. नॅसमध्ये दोन डिस्क एकमेकींची नक्कल करत असल्या तरी तिला दुसरी प्रत समजू नका : चुकून पुसलेलं गाणं दोन्हीवरून एकाच क्षणी जातं. एक डिस्क घराबाहेर हवीच.