तीस अर्ज, उत्तर एकाचंही नाही

प्रश्न : मातीतल्या सूक्ष्मजीवांवर माझी पीएचडी चालू आहे. चार महिन्यांत प्रबंध सादर होईल. प्राध्यापकी किंवा विद्यापीठातलं संशोधन पुढे करायचं नाही, हे माझं वर्षभरापूर्वीच ठरलंय. कंपन्यांना तीसेक अर्ज केले, एकाचंही उत्तर नाही. गाईडना अजून काही सांगितलेलं नाही. ते म्हणतात, इथेच वर्षभर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधन, कर. लॅबमधल्या नव्या मुलांना सिक्वेन्सिंगचं (डीएनए वाचायचं) मशीन शिकवायचं काम आपसूकच माझ्याकडे आलंय, सध्या मन रमतं ते तेवढ्यातच. माझी सहा वर्षं वाया गेली का? रेझ्युमे सोबत जोडला आहे.

उत्तर : तुमचा रेझ्युमे पाच पानांचा आहे. आधी प्रबंधाचं लांबलचक शीर्षक, मग शोधनिबंध, मग परिषदा, मग पोस्टर. मशीन शिकवण्याबद्दल त्यात एक ओळही नाही. मला तुमच्या पत्रातलं सगळ्यांत कामाचं वाक्य तेच वाटलं, आणि नेमकं तेच नोकरी देणाऱ्याला दिसत नाही.

आधी 'वाया'चं बघू. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २०१० मध्ये एक अहवाल काढला होता. त्यानुसार तिथे विज्ञानात पीएचडी केलेल्या शंभरांपैकी जेमतेम साडेतीन जण विद्यापीठात कायम संशोधक होतात. प्राध्यापकपदापर्यंत पोचणारे दोनशेंत एकही भरत नाहीत. देशागणिक आकडे बदलतील, पण बाहेर पडणं हा अपवाद नाही, एवढं यावरून नक्की कळतं. विभागात वावरताना तो अपवाद वाटतो, कारण जे गेले ते रोज समोर दिसत नाहीत.

आता अर्जांकडे. विद्यापीठाचा सीव्ही तुम्हाला काय काय माहीत आहे ते सांगतो. कंपनीला तुम्ही काय काय पार पाडलंत ते हवं असतं. 'पिकांच्या मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवसमूहांचा मेटाजीनोमिक अभ्यास' हे वाचून भरती करणारा पुढचा कागद उचलतो. त्याऐवजी असं लिहा : 'शेतांतून नमुने गोळा करण्याचं वेळापत्रक आखलं आणि पाळलं, विश्लेषणासाठी आर भाषेत प्रोग्रॅम लिहिले, ते लॅबमधले इतरही वापरतात, नव्या विद्यार्थ्यांना सिक्वेन्सिंगचं प्रशिक्षण दिलं.' यातलं जे खरं असेल तेवढंच ठेवा. दोन पानांच्या वर जाऊ नका. शोधनिबंधांची संख्या एका ओळीत आली की पुरे. तीस ठिकाणी एकच कागद धाडण्यापेक्षा पाच जाहिराती निवडा आणि प्रत्येकीतल्या अपेक्षा समोर ठेवून तो नव्याने लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण प्रबंधाइतकं नाही!

कुठली नोकरी? 'इंडस्ट्री' नावाची एकच जागा नसते. तुमच्या विषयाची माणसं जैविक खतं आणि बियाणं बनवणाऱ्या कंपन्यांत असतात, त्या उत्पादनांना सरकारी मंजुरी मिळवून देणाऱ्या रेग्युलेटरी विभागात असतात, पेटंटच्या शोधकामात असतात, विज्ञान नियतकालिकांच्या संपादनात असतात. पण तुमच्याबाबत मला पहिल्यांदा सुचलं ते ॲप्लिकेशन सायंटिस्टचं काम. उपकरणं विकणाऱ्या कंपन्या ही माणसं ग्राहकांच्या प्रयोगशाळांत पाठवतात. मशीन चालवून दाखवायचं, शिकवायचं, अडलं तर सोडवायचं. फिरती बरीच असते आणि स्वतःचं संशोधन जवळपास नसतंच. ते चालणार असेल तर सध्या तुम्ही जे फुकट करताय त्याचाच पगार मिळेल.

माझ्या अंदाजावर मात्र जाऊ नका, ते काम करणाऱ्यांना विचारा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्येच मांडलं होतं की नोकरीची खबर जिवलगांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून जास्त येते. जवळच्यांना बहुतेक तेच ठाऊक असतं, जे आपल्यालाही ठाऊक असतं. म्हणून तुमच्या विभागातून पूर्वी बाहेर पडलेले पाच-सहा जण शोधा आणि चार ओळींचा निरोप पाठवा : मी कोण, प्रबंध कधी संपतोय, तुमच्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलाल का. नोकरी मागू नका. 'मागच्या आठवड्यात तुमचा वेळ कशात गेला?' असं विचारा. पदाच्या नावावरून कळत नाही ते या उत्तरातून कळतं. दोघं-तिघं उत्तर देणार नाहीत, ते मनाला लावून घेऊ नका.

गाईडना सांगा, पण प्रबंधाचं वेळापत्रक हातात घेऊन. आधी उरलेल्या प्रकरणांच्या तारखा, मग 'त्यानंतर मी कंपन्यांत प्रयत्न करणार आहे.' त्यांना पहिली काळजी त्यांच्या शोधनिबंधांची असते, ती मिटली की बोलणं सोपं जातं. तरी ते नाराज झालेच, तर शिफारशीसाठी सल्लागार समितीतल्या दुसऱ्या कुणाशी बोलून ठेवा.

राहिला पोस्टडॉक. नोकरीच्या जाहिरातींत वारंवार दिसणारं आणि तुम्हाला न येणारं एखादं कौशल्य तिथे शिकता येणार असेल, तर सहा महिन्यांपुरता घ्या आणि मुदत लेखी ठरवून घ्या. नुसतं मधला काळ भरायला म्हणून असेल, तर नको म्हणा.