पाडल्या जाणाऱ्या घराचे व्हीआर : कॅमेरा की संगणक?

पाडल्या जाणाऱ्या जुन्या घराचे व्हीआर (हेडसेट डोळ्यांवर चढवून आत शिरल्यासारखे पाहता येणारे आभासी दृश्य) करताना चहूबाजूंचे दृश्य एकदम टिपणारा ३६० अंशांचा कॅमेरा वापरावा की संगणकावर प्रतिकृती रचावी, असे आपण विचारले आहे. आधी चित्रीकरण करा. सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासाला गेला, तेव्हा याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या चुलतभावाचे चांगलेच वाजले होते. तो बांधकाम व्यावसायिकांना नमुना सदनिकांच्या प्रतिकृती करून देतो आणि ज्यात चालता येत नाही ते व्हीआरच नव्हे, असे त्याचे ठाम मत आहे.

त्याने टेपने मापे घेऊन वाडा संगणकावर उभा केला. मी चौकात, ओसरीवर आणि माजघरात ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवला. प्रतिकृतीत आत्या ओसरीपासून माजघरापर्यंत फिरली, खांबही जागच्या जागी होते, पण हेडसेट काढून ती म्हणाली, "छान आहे रे, पण हा वाडा कुणाचा?" माझ्या चित्रीकरणात मात्र माजघरातल्या कोनाड्यावर पणतीने धरलेली काजळी दिसताच तिचा हात आपसूक पुढे गेला. ती काजळी चुलतभावाने रंगवली नव्हती, कारण ती कोणाच्याच ध्यानात नव्हती. रचणाऱ्याला जेवढे ठाऊक असते तेवढेच प्रतिकृतीत उतरते, आणि घरातल्या माणसांना नेमके उरलेले हवे असते.

कोनाड्यात डोकावायला आत्या वाकली, तेव्हा चित्र तिच्याबरोबरच सरकले आणि भोवळ येऊन तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. कॅमेऱ्याने एकाच बिंदूवरून टिपलेल्या दृश्यात मान वळवता येते, पुढे झुकता येत नाही. चुलतभावाचा हा मुद्दा मला मान्य आहे. शिवाय चित्राची ५,७६० बिंदूंची (पिक्सेलची) रुंदी ३६० अंशांत पसरली की एका अंशाला १६ च बिंदू मिळतात, त्यामुळे दूरचे दृश्य पुसट दिसते. कॅमेऱ्याच्या दोन भिंगांची चित्रे जिथे जोडली जातात, तिथे जवळची वस्तू दुभंगते. आमचे तुळशीवृंदावन तसेच चिरले गेले. तेव्हा कॅमेरा वस्तूंपासून निदान दीड मीटर लांब ठेवा.

जे आधीच गेले आहे, तिथे अर्थात संगणकाला पर्याय नाही. शनिवारवाड्याच्या आतील इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या. त्या आता रचूनच दाखवता येतील. पण आपले घर अजून उभे आहे. चित्रीकरणाबरोबर प्रत्येक भिंतीची एकमेकांवर येणारी शेकडो छायाचित्रेही काढून ठेवा, म्हणजे त्यांवरून पुढे प्रतिकृती करता येईल. चुलतभाऊ सध्या कोनाड्याची काजळी माझ्याच चित्रीकरणावरून भरतो आहे.