लंडनला पहिल्यांदा, तेही तीनच दिवस?

आधी व्हिसा बघ. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) इथे चालत नाही, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो. ट्यूबला, म्हणजे भुयारी रेल्वेला, आणि बसला काँटॅक्टलेस (नुसतं टेकवायचं) बँक कार्ड चालतं, दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादाही असते. पण नवरा-बायकोत एक कार्ड चालणार नाही, दोघांची वेगळी हवीत. ट्यूबमधून बाहेर पडतानाही टॅप करायचं. बसमध्ये फक्त चढताना.

ब्रिटिश म्युझियम फुकट आहे म्हणून दिवसभर तिथेच पाय मोडून घेऊ नकोस (मी घेतले!). इजिप्तचा कोरीव लेखाचा दगड, रोझेटा स्टोन बघ, आंध्रातल्या अमरावतीची शिल्पं बघ, नीघ.

एक सकाळ मात्र प्रिमरोझ हिलजवळच्या १०, किंग हेन्रीज रोडसाठी राखून ठेव. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब त्या घरात राहिले होते. तिथून टेकडी चढलीस की समोर अख्खं लंडन.