विकिपीडियावरचा विजय तेंडुलकरांचा लेख सुधारायचा आहे. संदर्भ कुठून घ्यावेत?

सुरुवात सनांपासून करा, घोळ तिथेच जास्त असतो. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ लिहिलं गेलं १९६३ मध्ये, रंगमंचावर आलं १९६७ मध्ये. पुस्तक त्याहून नंतरचं. तिन्ही सनं वेगवेगळी द्या. पहिल्या प्रयोगाची श्रेयनामावली बहुधा छापील संहितेच्या सुरुवातीलाच मिळते.

‘सखाराम बाइंडर’ नाटकाच्या सेन्सॉरविरुद्धच्या लढ्यासाठी त्याचे दिग्दर्शक कमलाकर सारंग यांचं ‘बाइंडरचे दिवस’ हे पुस्तक आहेच. पण सारंग स्वतःच त्या लढ्यात उतरलेले. त्यामुळे घटनाक्रम त्यातून घ्या, निकालासाठी मात्र मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय किंवा त्या वेळची वर्तमानपत्रं शोधा. ग्रंथालयात जावं लागेल, इलाज नाही.

आणि हो, ‘थोर’, ‘युगप्रवर्तक’ वगैरे विशेषणं आधी उडवा!