म्हादईच्या खोऱ्यात ग्रॅव्हल बाइकने दोन दिवस फिरायला कुठला रूट घेऊ? सामान किती न्यावं?

तुम्ही लिहिलंय, पुण्याहून डिसेंबरमध्ये येताय, बीचवर जायचं नाही, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात म्हादई नदीच्या काठाकाठाने ग्रॅव्हल बाइक (कच्च्या रस्त्यावर चालणारी, जाड टायरची सायकल) चालवायची आहे, आणि शेवटी एक वाक्य टाकलंय की 'बाइक जमेल तितकी हलकी ठेवणार आहे, फक्त एक सीओटू कार्ट्रिज आणि फोन' (कार्ट्रिज म्हणजे टायर एकदाच फुगवणारी गॅसची छोटी नळी). रूट सांगतो, पण आधी त्या वाक्याचं बघू, कारण त्या वाक्यावरून माझं आणि माझ्या चुलतभावाचं २०१९ पासून दर चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली बसून भांडण होतं आणि घरातले आता पानं वाढायच्या आधीच विचारतात, झालं का रे तुमचं सायकलचं.

दादा म्हापशाचा. रोड बाइकवाला, कार्बन फ्रेम, बाटलीचा होल्डर पण कार्बनचा. मी वाळपईच्या जवळचा, आमच्या घराच्या मागच्या कुळागरातून (नारळ-सुपारीच्या बागेतून) बाहेर पडलं की डांबर नाहीच, त्यामुळे मला ग्रॅव्हल बाइक घेताना कोणाला पटवायची गरज वाटली नाही. दादाला मात्र ती 'ना धड रोड बाइक, ना धड एमटीबी (माउंटन बाइक)' वाटते. असो.

मार्चचा रविवार होता. आदल्या रात्री तो आमच्याकडे मुक्कामाला, आणि त्याने माझी सीटखालची बॅग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. खरंच ठेवली, आईचा नारळाचा कीस मोजायचा काटा. मग एक एक वस्तू बाहेर. पंप कशाला, सीओटू आहे ना. ट्यूब कशाला, तुझं ट्यूबलेस आहे ना. हा पितळेचा तुकडा कसला? तो व्हॉल्व्हचा ऍडॅप्टर होता, आपल्या बारीक व्हॉल्व्हला मोटरसायकलच्या पंपाने हवा भरता यावी म्हणून, वजन फार तर पाच ग्रॅम. तोही टेबलावर राहिला. मी ऐकलं, कारण तो सात वर्षांनी मोठा आणि गेल्याच महिन्यात कुठल्याशा राइडचं मेडल आणलेलं.

सकाळी सावर्ड्याच्या पुलापर्यंत दोघं बरोबर गेलो. तिथून पुढे सोनाळच्या बाजूला मी एक कच्चा रस्ता धरला, दादाचे २८ मिलिमीटरचे बारीक टायर, तो म्हणाला मी पुलावरच थांबतो, तू ये जाऊन. आता आमच्याकडची माती समजून घ्या. खाली जांभ्याचा कठीण तवा आणि वर त्याच जांभ्याचे बारीक गोल खडे पसरलेले, म्हणजे फरशीवर मसूर सांडावी तसं. त्यावरून माणूस घसरतो, पण टायर फाटत नाही. टायर फाडतो तो चिऱ्याचा तुटका कोपरा. चिरेखाणीतून ट्रक गेला की असे तुकडे कडेला पडतात आणि वर पाला पडला की दिसत नाहीत. माझा मागचा टायर बाजूने, साइडवॉलला, बोटाच्या पेराएवढा चिरला. टायरमधली बारीक भोकं आपोआप बुजवणारं सीलंट ऑक्टोबरात घातलेलं, मार्चपर्यंत आमच्या उकाड्यात त्याची साय होऊन बसलेली. ओलं असतं तरी साइडवॉल कुठलं भरतंय ते. भोकात रबराचा प्लग कोंबला, सीओटू मारला, दोन मिनिटं टायर टणक, मग फुस्स. कार्ट्रिज संपलं. पंप घरी. ट्यूब घरी. फोनला रेंज नाही.

चालत निघालो. पाऊण तासाने धूर दिसला आणि तो वास आला, काजूच्या बोंडूंचा, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. दारू गाळायची भाटी चालू होती. एक म्हातारा कोळंब्यात (बोंडू तुडवायच्या हौदात) बोंडू तुडवत होता. मला बघून थांबला, सायकल बघितली, हँडलवरचा तो छोटा स्क्रीन बघितला आणि पहिला प्रश्न, "सर्व्हे करपाक आयल्यात?" हसू नका. २०१८ च्या ऑगस्टमध्ये म्हादईच्या पाणीवाटपाचा लवादाचा निकाल आलेला, कर्नाटकाला किती आणि आम्हाला किती यावर गावोगाव चर्चा, आणि मी चड्डी घालून, हेल्मेट लावून, मशीन घेऊन नदीकाठाने फिरतोय. मी म्हटलं, नाही हो काका, फिरायला आलोय. त्यावर तो जास्तच संशयाने बघायला लागला. शेवटी वाळपईतलं आमचं घराणं सांगितलं, आजोबांचं नाव सांगितलं, तेव्हा बसायला दगड मिळाला आणि पेलाभर नीरो, म्हणजे बोंडूंचा रस.

त्याच्या मुलाकडे मोटरसायकलचा पायपंप होता! आणला पण. आणि माझा ऍडॅप्टर आमच्या डायनिंग टेबलावर, आईच्या वजनकाट्याशेजारी. त्या क्षणी दादाबद्दल काय वाटलं ते इथे लिहिता येणार नाही.

मग म्हाताऱ्याने जे केलं ते मला कुठल्याही यूट्यूबवाल्याने शिकवलं नव्हतं. गोठ्यातून भाताचा पेंढा आणला, पाणी शिंपडून मऊ केला, पीळ घालून टायरमध्ये भरायला लागला. मी एका बाजूने, तो दुसऱ्या बाजूने, अंगठ्याने दाबत दाबत गच्च. म्हणाला, पूर्वी पोदेर पाव घेऊन यायचा, त्याची ट्यूब गेली की असंच करून पुढच्या वाड्यावर जायचा, पाव काही थांबत नाही. चाक गाडीच्या चाकासारखं धडधडत होतं, वळणावर मागून कोणीतरी ढकलतंय असं वाटायचं, पण रिम न वाकवता पुलापर्यंत आलो. दादा तिथे भाजीपाव खाऊन, दोन चहा पिऊन बसलेला. म्हणाला, एवढा वेळ?

आणि तेव्हापासून चवथीला तो सगळ्यांना सांगतो की ह्याने उर्राक (काजूची दारू) पिऊन टायर फाडला. म्हणून स्पष्ट लिहितो, ते हलकं सामान नव्हे, तो मूर्खपणा होता. किलोभर वजन वाचवून घाटात अर्धं मिनिट मिळत असेल, त्यापायी माझा अर्धा दिवस गेला. ज्यांच्या मागून सपोर्टची गाडी येते त्यांनी ग्रॅम मोजावेत.

आता रूट. पहिला दिवस वाळपईत मुक्काम धरून: वाळपई, नगरगाव, ब्रह्मकरमळी (ब्रह्मदेवाचं देऊळ आहे, थांबा, अशी देवळं देशात हाताच्या बोटांवर), धावे, उस्ते. उस्त्यापासून खालच्या अंगाला सोनाळपर्यंत पावसाळ्यात राफ्टिंग चालतं, डिसेंबरात तीच नदी दगडांतून शांत वाहते आणि काठाने चालवायला खरी मजा तेव्हाच. संध्याकाळी सावर्डेमार्गे परत. मुख्य रस्ते डांबरी आहेत हे लक्षात ठेवा, ग्रॅव्हल म्हणजे त्यांना फुटलेले फाटे, वाड्यांकडे, भाटांकडे (बागांकडे) आणि नदीवर उतरणारे. पन्नास किलोमीटर वाचताना कमी वाटतील, पण चढ लहान असले तरी सारखे असतात, एक संपला की उतार आणि लगेच दुसरा. पुढे ४० दातांचं चेनरिंग असेल तर मागे ४२ दातांची चकती तरी हवीच. दादाचं गिअर घेऊन आलात तर फोटो भरपूर काढाल, कारण उतरून चालत असाल.

दुसरा दिवस उत्तरेला, ठाणे, कोपार्डे, मग केरी, अंजुणे धरण. चोर्ला घाट चढायचा तर चढा, पण तो बेळगावचा हमरस्ता आहे, डांबरी, ट्रक असतात, मला तिथे जीव मुठीत धरून चालवण्यात काही गंमत वाटत नाही. तुम्ही गाडीने त्याच वाटेने येणार असाल तर येतानाच बघून घ्या. परतीला केरी, पर्ये, साखळी. इथली नदी वाळवंटी, तीही पुढे म्हादईलाच, म्हणजे मांडवीला मिळते, त्यामुळे तुमचं खोरं काही बदलत नाही.

टायर ४० मिलिमीटर किंवा त्याहून जाड, हवा कमी. मी सत्तर किलोचा, ३० ते ३५ पीएसआय ठेवतो. घट्ट टायरने जांभ्याच्या खड्यांवर ब्रेक मारून बघा एकदा, मग आपण बोलू.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. म्हादई अभयारण्य २०८ चौरस किलोमीटर आहे आणि वर लिहिलेल्या बऱ्याच गावांच्या मागची रानं त्यातच येतात, त्यामुळे जंगलात शिरणारी वाट दिसली की वन खात्याच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही, मॅपवर रेघ असली तरी. गवे असतात, अंधार पडायच्या आत परत या. वाघ पण आहेत, २०२० च्या जानेवारीत गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले तेव्हा बाहेरच्यांना कळलं, आम्हाला आधीपासून माहीत होतं. पिसुर्ले बाजूचे जुने मायनिंगचे रस्ते फोटोत भारी दिसतात, पण खंदकांत पाणी साठलेलं आहे आणि कडा भुसभुशीत, कडेला जाऊ नका. काजूच्या भाटांतून जाणारी वाट म्हणजे कोणाची तरी जमीन, विचारून जा, कोणी नाही म्हणत नाही.

आणि दादाच्या बाजूनेही एक खरं सांगून टाकतो. उर्राक होता. नीरोनंतर अर्धा पेला. पण टायर फाटल्यानंतर, आधी नाही.

तुम्ही डिसेंबरात येताय. तेव्हा बोंडू नसतात, भाट्या बंद असतात, रानात म्हातारा भेटेल असं धरून चालू नका. पंप घ्या, ट्यूब घ्या, आणि तो पितळेचा तुकडा.