कॉलरला अडकवायचा प्लेयर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

आगपेटीएवढा, मागे चिमटा असलेला, कॉलरला किंवा पदराला अडकवून दिवसभर कामात राहता येईल असा गाण्यांचा प्लेयर. मोबाइल घरोघरी आले तरी वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत तो टिकून आहे, कारण निंदताना, वेचताना महागडा मोबाइल घामात भिजवायची किंवा धुऱ्यावर विसरायची कुणाची तयारी नसते. या वेळच्या पत्रांतून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा दिसली. प्लेयर बिघडला म्हणून लोक तो टाकून देतात, आणि दोष असतो कार्डात, पिनेत नाहीतर चार्जिंगमध्ये. म्हणून काही उत्तरं मुद्दाम लांब दिली आहेत.

काकड्यापासून हरिपाठापर्यंत सगळं क्रमानं भरलं. कॉम्प्युटरवर क्रम बरोबर दिसतो, प्लेयरमध्ये मात्र भलतंच आधी वाजतं. दुकानदार म्हणतो प्लेयरच तसा आहे. (वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती)

दुकानदाराचं म्हणणं खरं आहे, पण यावर उपाय आहे. मेमरी कार्डावर कोणती फाइल कुठे आहे याची एक यादी असते. कॉम्प्युटर ती यादी वाचतो आणि आपल्याला दाखवताना नावाप्रमाणे लावून दाखवतो. बिनपडद्याचा साधा प्लेयर तेवढी तसदी घेत नाही. यादीत जी नोंद आधी, तेच गाणं तो आधी वाजवतो. तुम्ही मधलं एक भजन पुसून नवं टाकलंत, तर नव्याची नोंद बरेचदा पुसलेल्याच्या रिकाम्या जागी जाऊन बसते. म्हणून शेवटी टाकलेलं गाणं मध्येच वाजतं.

सगळी गाणी आधी कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या. नावाच्या सुरुवातीला आकडे द्या: ०१, ०२, ०३. शंभरावर गाणी असतील तर ००१ पासून. हे आकडे आणि नावं इंग्रजी अक्षरांत ठेवलेली बरी. पडदा असलेल्या स्वस्त प्लेयरवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. मग कार्ड फॅट३२ प्रकारात (कार्डावर फाइली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट करा, म्हणजे जुनी यादी पूर्ण जाईल. यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे: गाणी एकदम निवडून टाकू नका, एकेक करून क्रमानं टाका. वीस-पंचवीस गाण्यांना दहा मिनिटं लागतात. गाणी खूप असतील तर गावातल्या कॉम्प्युटरवाल्याला फॅटसॉर्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम वापरायला सांगा, तो कार्डावरची यादीच नावाप्रमाणे लावून देतो. फोल्डर केले असतील तर तेही ज्या क्रमानं हवेत त्याच क्रमानं तयार करा.

कार्ड काढताना ‘इजेक्ट’ केल्याशिवाय ओढू नका. लिहिणं अर्धवट राहिलं की शेवटची दोन-तीन गाणी मध्येच अडकतात, आणि त्या गाण्यावर आला की प्लेयर थिजतो. थिजलाच तर कार्ड काढा, बंद करा, कार्डाशिवाय चालू करून पाहा. तसा चालू झाला तर प्लेयर चांगला आहे, कार्ड पुन्हा फॉरमॅट करा.

माह्या प्लेयरमधून नुसती वाजंत्री आयकू येते, गाणाऱ्याचा आवाजच गायब. मोबाइलचा इअरफोन लावला हाये. तोच मोबाइलले लावला त बराबर वाजते. काहून असं होते? (वाचक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

इअरफोनच्या पिनेवरच्या काळ्या रिंगा मोजा. साध्या इअरफोनला दोन रिंगा असतात, म्हणजे पिनेचे तीन भाग: टोक डाव्या कानाचं, मधला भाग उजव्या कानाचा आणि बुडाचा भाग दोन्हींची परतीची तार. बोलायचा माइक असलेल्या मोबाइलच्या इअरफोनला तीन रिंगा, म्हणजे चार भाग. त्यात बुडाचा भाग माइकचा असतो आणि परतीची तार त्याच्या वर सरकलेली असते. काही स्वस्त प्लेयरच्या भोकातली पत्ती नेमकी माइकच्या भागाला टेकते, आणि परतीचा रस्ता तुटतो.

मग वीज एका कानातून जाऊन दुसऱ्या कानातून परत येते, आणि ऐकू येतो तो डाव्या-उजव्या आवाजातला फरक. गाणाऱ्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये दोन्हीकडे सारखाच ठेवलेला असतो, त्यामुळे वजाबाकीत तो शून्य होतो. टाळ, पेटी, ढोलकी दोन्हीकडे कमीजास्त असतात, म्हणून ती उरतात. खात्री करायची तर माइकचं बटण दाबून धरा. त्या बटणानं माइक आणि परतीची तार जोडली जाते. दाबल्याबरोबर गाणाऱ्याचा आवाज आला, तर निदान पक्कं. दोन रिंगांचा साधा इअरफोन घ्या. पिन केसभर बाहेर ओढूनही आवाज येतो, पण निंदताना वाकलं की पुन्हा जातो.

दोन रिंगांच्या इअरफोनलाही असंच होत असेल तर पिन पूर्ण आत जात नसावी. कापूस वेचणीच्या दिवसांत भोकाच्या तळाशी रुई आणि घामाची गोळी बसते. प्लेयर बंद करून उदबत्तीच्या कोरड्या काडीनं ती हलक्या हातानं फिरवून काढा. सुई किंवा टाचणी घालू नका, आतली पत्ती वाकली की भोकच बदलावं लागतं. आणि एकाच कानात आवाज येत असेल तर तार बहुधा पिनेपासून दोन-तीन इंचांत तुटलेली असते. तेवढी कापून नवी तीन भागांची पिन सोल्डर करता येते. बहुतेक इअरफोनमध्ये लाल तार उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांबूस परतीची. या तारांवर लाखेसारखा पातळ थर असतो. तो गरम सोल्डरनं जाळल्याशिवाय किंवा ब्लेडनं खरवडल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि घरच्या दुरुस्त्या फसतात त्या इथेच.

पावसाळाभर पेटीत ठेवला होता, आता चार्जच होत नाही. आधीचा मे महिन्यात फुगून उकलला होता. प्लेयरच खराब येतात का? (वाचक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला)

दोन्ही वेळा कारण बॅटरी कशी ठेवली गेली यात आहे. आतली लिथियमची चपटी बॅटरी ३.७ व्होल्टची असते, पूर्ण भरली की ४.२ व्होल्टपर्यंत जाते. स्वस्त प्लेयरमध्ये ती साधारण १०० ते १५० मिलीअँपिअर-तासांची, म्हणजे मोबाइलच्या बॅटरीच्या मानानं अगदीच लहान. एवढीशी बॅटरी रिकामी करून पेटीत ठेवली की चार महिन्यांत धोक्याच्या पातळीखाली उतरते आणि चार्जिंगला दाद देत नाही. तरी एकदा साध्या चार्जरला दोन तास लावून ठेवा. चार्जिंगचा भाग अशा बॅटरीला आधी अगदी थोडी वीज देतो, म्हणून कधी कधी दिवा अर्ध्या तासानंही लागतो. दोन तासांत काहीच झालं नाही तर बॅटरी गेली.

ती बदलता येते. बॅटरीवर सहा आकडे छापलेले असतात. ४०२०३० असेल तर जाडी ४.० मिलिमीटर, रुंदी २० आणि लांबी ३०. याच मापाची किंवा जरा लहान घ्या, जाड घेऊन झाकण दाबू नका. जुनीच्या दोन्ही तारा एकदम कापू नका, कात्रीतून त्या एकमेकींना जोडल्या जातात. आधी लाल कापून तिच्या टोकाला टेप लावा, मग काळी.

फुगण्याचं कारण ऊन. लिथियम बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, आणि आपल्याकडे मे महिन्यात टिनाच्या खोलीत दुपारी तेवढं सहज होतं. पूर्ण भरलेली बॅटरी तापणं तर सगळ्यात वाईट. उन्हाळ्यात पहाटे चार्ज करा. दिवा बदलला की काढा, तास-दीड तास पुरतो. रात्रभर लावून ठेवू नका. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवू नका. पेटीत ठेवायचा असेल तेव्हा अर्धा भरलेला ठेवा आणि दर दोन महिन्यांनी वीस मिनिटं चार्जिंगला लावा. फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावू नका, चार्जही करू नका. रेती भरलेल्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

मोबाइलचा मोठा चार्जर चालतो का, असंही तुम्ही विचारलं आहे. चालतो. जलद चार्जरसुद्धा सुरुवात ५ व्होल्टनंच करतो आणि समोरून मागणी आल्याशिवाय व्होल्ट वाढवत नाही. फक्त सी-टाइप भोकाचे काही स्वस्त प्लेयर दोन्हीकडे सी-टाइप असलेल्या केबलवर चार्ज होत नाहीत, कारण चार्जरला इशारा देणारे दोन छोटे रेझिस्टर त्यांत घातलेलेच नसतात. एका टोकाला जुनी चपटी यूएसबी असलेली केबल लावा, लगेच चार्ज होईल.

६४ जीबीचं कार्ड घातलं तर ‘नो कार्ड’ येतं. (वाचक, ता. मालेगाव, जि. वाशीम)

साधे प्लेयर ३२ जीबीपर्यंतचीच, फॅट३२ कार्डं वाचतात. ६४ जीबीचं कार्ड एक्सफॅट या वेगळ्या प्रकारात येतं. एवढं मोठं कार्ड लागतही नाही: १२८ केबीपीएसचं (सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं माप) गाणं मिनिटाला जवळपास १ एमबी जागा घेतं, म्हणजे ४ जीबीत ६५ तासांहून जास्त गाणी मावतात. ८ जीबी भरपूर झालं. बाजारात फार स्वस्तात मिळणारं मोठं कार्ड आतून लहान असू शकतं, त्यावर लिहिलेला आकडा खोटा असतो. अशा कार्डात पहिली काही गाणी नीट वाजतात आणि पुढची सगळी खरखरतात. एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम कार्ड काठोकाठ भरून परत वाचतो आणि खरी जागा सांगतो. ३२ जीबीला तासभर लागतो, तरी गाणी भरण्याआधी हे करून घ्या.

आई ७४ वर्षांची, डोळ्यांनी कमी दिसतं. गावात झालेल्या नाटकाचं मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं, फाइलचं नाव बदलून एमपीथ्री केलं, तरी वाजत नाही. कीर्तन लावलं तर बंद केल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. (वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर)

नाव बदललं तरी आतला माल तोच राहतो. मोबाइलचा रेकॉर्डर बहुधा एमफोरए फाइल करतो आणि व्हॉट्सअॅपवर बोललेलं ओपस प्रकारात येतं. साधा प्लेयर या दोन्ही वाचत नाही. कॉम्प्युटरवर व्हीएलसीमध्ये ‘कन्व्हर्ट’ करून खरं एमपीथ्री बनवा. नाटक, कीर्तन, प्रवचन यांना ६४ केबीपीएस आणि मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) पुरतं. तासाला २९ एमबी, म्हणजे सहा तासांचं नाटक पावणेदोनशे एमबीत बसतं. सॅम्पल रेट ४४.१ किलोहर्ट्झच ठेवा, फार कमी केला तर काही प्लेयर मुके होतात. बिटरेट, म्हणजे केबीपीएसचा आकडा, स्थिर ठेवा, बदलता ठेवला तर पुढे सरकवताना गोंधळ होतो.

पुन्हा पहिल्यापासून लागण्याचं कारण असं की बंद होताना असे प्लेयर फार तर गाण्याचा नंबर लक्षात ठेवतात, मिनिट नाही. त्यामुळे लांब रेकॉर्डिंगचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. एमपीथ्री-डायरेक्टकट हे मोफत साधन पुन्हा कन्व्हर्ट न करता कापतं, आवाज बिघडत नाही. नाटकात शक्यतो प्रवेश बदलतो तिथे कापा. तुकड्यांना वर सांगितल्याप्रमाणे आकडे द्या आणि एकेक करून टाका. आता बंद केलं तरी आईंना फार तर दहा मिनिटं पुन्हा ऐकावी लागतील.

चालू-बंदच्या बटणावर नेलपॉलिशचे दोन-तीन थर देऊन जाड ठिपका करा. वाळला की बोटाला लागतो, बघावं लागत नाही. पडदा नसलेला, पाच बटणांचा प्लेयर त्यांना सोपा जाईल.

रात्री जागलीला आणि फवारणीच्या वेळी लावला तर चालतो का? (वाचक, ता. सेलू, जि. वर्धा)

जागलीला दोन्ही कानांत नको. रानडुकराची खुरखुर, रोह्याच्या (नीलगायीच्या) पावलांचा आवाज, शेजारच्या मचाणावरून आलेली हाक, यांवरच जागल चालते. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलालगत तर वाघाचाही प्रश्न आहे. मचाणावर बसलेले असताना एका कानात, हळू आवाजात ठीक. खाली उतरून फेरी मारताना काढून ठेवा. एकाच कानात लावायचं तर गाणी मोनो करून घ्या, नाहीतर दुसऱ्या बाजूची वाद्यं ऐकूच येणार नाहीत.

फवारणीला मुळीच नको. औषधाचे हात इअरफोनला लागतात, स्पंजवर औषध मुरतं आणि ते तासन् तास कानाच्या नाजूक कातडीला चिकटून राहतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, हे आपण विसरू नये. प्लेयर घरी ठेवा, आंघोळ झाल्यावर लावा.

आवाज किती ठेवावा, तर हातभर अंतरावरचं माणसाचं बोलणं कळलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल, मुलांना ७५. थ्रेशरजवळ किंवा ट्रॅक्टरवर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला की ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

एफएम लावलं की नुसती खरखर. (वाचक, ता. चिखली, जि. बुलढाणा)

इअरफोनची तारच अँटेना असते. एफएमची लहर सुमारे ३ मीटरची, त्यामुळे तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे ७५ सेंटिमीटर तार सरळ लोंबती हवी. गुंडाळून खिशात ठेवली की स्टेशन जातं. प्लेयर कमरेला अडकवा, कॉलरला नको, म्हणजे तार आपोआप सरळ राहते. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झचं केंद्र मध्यम लहरींवर आहे. ते अशा प्लेयरवर लागणारच नाही, त्यासाठी जुना रेडिओच हवा.